पाडव्याला रंगवलेला ट्रॅक्टर

भाऊबीज आटोपली, फराळाचे डबे तळाला गेले आणि शेजारच्या शेतात कापणी सुरू झाली. शेत म्हणजे आता एक तुकडाच उरलाय. एका बाजूला गोदामाची पत्र्याची भिंत, दुसऱ्या बाजूला कंटेनर वळवायला केलेली मोकळी जागा आणि मधे हट्टाने पिकणारं भात. दापोड्यापासून मानकोलीपर्यंत सगळीकडे हेच चित्र. पण कापलेल्या भाताचा वास काही गोदामांना विचारून येत नाही. सकाळी मागचं दार उघडलं आणि तो घरात शिरला, थोडा ओलसर, थोडा गोड. मी चुलीवरचं आधण विसरून तशीच उभी राहिले.

"चहा गेला उतू!" हे ओट्यावरून ओरडले. ह्यांना हल्ली ऐकू कमी येतं, पण उतू गेलेला चहा बरोबर कळतो.

हे म्हणजे आमचे यजमान, काशिनाथ. नाव मी आता लिहिते तरी. तेव्हा ते तोंडातून काढायची सोय नव्हती.

जुने दिवस किती चांगले होते, असं म्हणणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. त्यांना एक दिवस कापणीला न्यायला हवं होतं. भाताच्या पातीने हात चिरायचे, कंबर संध्याकाळी सरळ व्हायला नकार द्यायची, आणि रात्री भाकरी थापताना त्या चिरांना मीठ लागलं की देव आठवायचा. तरीही एका हंगामाची आठवण आली की माझ्याच्याने हसू आवरत नाही. सत्तरच्या पुढची ती वर्षं. साल सांगत बसत नाही, माझं लग्न झालं तो वैशाख आणि त्याच्या पुढची ही कापणी, एवढं पुरे.

लग्न ठरलं तेव्हा मुलगा भिवंडीला मागाच्या कारखान्यात, लूमवर, कामाला आहे, एवढंच कळलं होतं. पडघ्याकडच्या आमच्या गावात त्याचं कौतुक झालं. पगाराची नोकरी! ती नोकरी म्हणजे काय, ते मला सासरी आल्यावर उमगलं. ह्यांना कायम रात्रपाळी. मी दिवा लावायची तेव्हा हे डबा घेऊन निघायचे आणि मी सडा घालायची तेव्हा परत यायचे. आमची भेट व्हायची ती उंबऱ्यात. केसांवर, भुवयांवर, कानांच्या पाळ्यांवर कापसाची पांढरी लव बसलेली असायची. लग्नाच्या पहिल्या महिन्यातच मी नवरा म्हातारा झालेला पाहिला, असं मी मैत्रिणीला सांगितलं तेव्हा ती पोट धरून हसली होती. मला मात्र हसण्यासारखं काही वाटत नव्हतं, कारण त्या लवेबरोबर खोकलाही घरी यायचा. आधी कोरडा होता. पावसाळ्यात तो असा मुरला की दुपारी हे झोपले की मी भिंतीपलीकडून उबळी मोजत बसायची. डॉक्टर म्हणाले, धूळ सोडा. धूळ सोडायची म्हणजे लूम सोडायचा.

तेव्हा ह्यांच्या डोक्यात ट्रॅक्टर आला. एका वीटभट्टीवाल्याकडचा जुना ट्रॅक्टर विकायला होता. लावणी झाल्यावर आबांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, बैलांची जोडी विकली आणि तो घरी आला. त्यांनी ती कशी विकली ते मी पाहिलेलं आहे. बाजाराला जाताना त्यांनी बैलांना रोजच्यासारखं चुचकारलं आणि येताना हातातली रिकामी दावी गोठ्यात आपल्या जागी टांगली. मुलाची छाती वाचावी म्हणून त्यांनी जोडी दिली होती.

बेत सरळ होता. आपली मळणी करायची, मग गावोगावची करायची, आणि पेंढा भिवंडीच्या तबेल्यांना पोचवायचा. कारखान्यातला जॉबर, म्हणजे कामगारांवरचा मुकादम, भला माणूस होता. तो म्हणाला, "मार्गशीर्ष लागेपर्यंत तुझी जागा ठेवतो. आलास तर तुझा लूम, न्हाय आलास तर दुसरा बसवतो." ह्यांनी कामावर जाणं थांबवलं, म्हणजे आमच्याकडे एक हंगाम होता. ट्रॅक्टरने पोट भरलं तर हे घरी, नाहीतर परत ती धूळ. हे उघडपणे कुणी बोलत नसे. पण खोकला आला की तिघंही एकमेकांकडे बघायचो.

पहिला दिवाळसण माहेरी असतो. आम्ही दोघं पडघ्याकडे गेलो आणि आबा घरी राहिले. आमच्या भागात पाडव्याला बैलांचा मान. त्यांना न्हाऊ घालतात, शिंगं रंगवतात, पाठीवर गेरूचे ठसे उठवतात आणि पेटत्या पेंढ्यावरून उड्या मारायला लावतात. सगळ्या गावाचे बैल वाजतगाजत आमच्या दारावरून गेले असणार आणि आमचा गोठा रिकामा. त्या दिवशी एकटे बसून आबांनी काय केलं असेल, याचा मी पुढे पुष्कळ विचार केला.

भाऊबीज करून परत आलो तर अंगणात वेगळाच ट्रॅक्टर उभा! वीटभट्टीची लाल माती वर्षानुवर्षं मुरलेलं ते धूड निळंशार चमकत होतं. शिंगांना लावायचा ऑइलपेंट आबांनी डबेच्या डबे आणला होता. बॉनेटवर गेरूचे गोल ठसे, पुढे झेंडूची माळ. हे बघतच राहिले.

"आबा, सगळा रंगवला?"

"मंग? अर्धं रंगवलेलं जनावर बरं दिसतं का रे?" आबा म्हणाले. त्यांच्या नखांत निळा रंग होता आणि चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी समाधान. जोडी गेल्यापासून ते ट्रॅक्टरकडे पाठ करून बसायचे. त्या दिवशी त्यांनी त्याला घरात घेतलं होतं. मला इतकं बरं वाटलं की मी ट्रॅक्टरलाही हळदकुंकू लावलं.

आणि त्याच आठवड्यात ट्रॅक्टरने मान टाकली.

म्हणजे इंजिन छान होतं. एकदा सुरू झालं की दिवसभर धडधडायचं. पण बॅटरी उतरायची. सेल्फ मारला की आतून फक्त म्हाताऱ्यासारखं कण्हणं ऐकू यायचं. मग चार माणसं बोलवायची, ढकलायचं आणि गियरमध्ये टाकून उचलायचं. तळ्याच्या बांधावर उतार होता, म्हणून हे ट्रॅक्टर तिथे तोंड खाली करून लावायचे. सकाळी गाव बांधावर गोळा व्हायचं. ढकलायला कमी आणि बोलायला जास्त. "ढकलराव आले का?" असं लोक विचारायचे. आबा कपाळाला हात लावून म्हणायचे, "आमच्या बैलाला कवा ढकलायला लागलं न्हाय!"

घरच्या मळणीला हे कसंबसं निभावलं. पण परगावच्या खळ्यावर ढकलायला माणसं कोण देणार? आणि पेंढा घेऊन पहाटे भिवंडीला जायचं तर दिवे हवेत. दिवे लावले की बॅटरी आणखी लवकर बसायची.

ट्रॅक्टरवर, स्टिअरिंगच्या मागे, एक छोटं घड्याळ होतं. वीज बॅटरीत चालली की बॅटरीतून बाहेर, ते दाखवणारं. काटा उजवीकडे अधिकच्या खुणेकडे गेला तर बॅटरी भरतेय, डावीकडे वजाकडे गेला तर रिकामी होतेय. हे खाली वाकून काहीतरी खटपट करायचे, तेव्हा काटा बघायला कुणीतरी वर हवं. ती मी. डोक्यावरचा पदर दातात धरून मी मडगार्डवर बसायची. नवी नवरी ट्रॅक्टरवर चढली, याची चर्चा विहिरीवर पुरली हो पुष्कळ दिवस!

"काटा बग गं!"

"वजा."

"आता?"

"वजाच."

लग्नानंतरचं आमचं पहिलं मोठं संभाषण हे असं झालं. मधे कधीतरी मी वैतागून म्हटलं, "तुमी काय बी करा, तो माजं ऐकत न्हाय." तर हे बॉनेटखालून हसले. हसले आणि खोकले. पण उजेडात, भर दुपारी, नवऱ्याला हसताना बघायची मला सवय नव्हती. त्या वजाच्या काट्याला मी मनातून अजिबात शिव्या दिल्या नाहीत, असं म्हटलं तर खोटं होईल, पण थोड्या कमी दिल्या.

आधी वाटलं, बॅटरीच म्हातारी झाली. ती भिवंडीला एस. टी. स्टँडच्या मागे इस्माईलचाचांच्या दुकानात नेऊन भरून आणली. गाडीच्या विजेचं काम करणारे चाचा जुने, बोलायला गोड. भरलेली बॅटरी बसवली की ट्रॅक्टर झटक्यात सुरू व्हायचा, आणि काही खेपा झाल्या की पुन्हा कण्हायचा. म्हणजे घागर चांगली होती, तिच्यात पाणी पडत नव्हतं. मग पट्टा ताणला. काटा वजाच. मग डायनमो काढला. इंजिनाबरोबर फिरून वीज करतो तो हा. तो आणि त्याच्या शेजारची कटआउटची पेटी पिशवीत घालून आम्ही दोघं पुन्हा चाचांकडे गेलो. डायनमोला पुरेसा जोर आला की ही पेटी बॅटरीचं दार उघडते आणि वीज आत सोडते, हे मला तिथेच कळलं.

चाचांनी डायनमो लोखंडी टेबलावर ठेवून त्याला बॅटरीच्या तारा लावल्या. तो गर्रकन फिरला.

"देखो, ज़िंदा है!" चाचा म्हणाले. मग पेटीही तपासली. ती टक् करून बोलली. "ये भी अच्छी है. सामान में खोट नहीं है बेटा, बिठाने में होगी. सब तारों के मुँह साफ़ करो."

मी आतापर्यंत डायनमोकडे बघत होते. पण एक गोष्ट डोक्यात वळवळत होती. धीर करून विचारलं, "चाचा, ट्रॅक्टरच्या दिव्याला एकच तार जाते. आमच्या गावात वीज आलीय, तिथे खांबावर दोन असतात. इथे दुसरी कुठे आहे?"

चाचांनी चष्मा वर केला. ह्यांच्याकडे बघून म्हणाले, "ये पूछती अच्छा है." मग टेबलावर हात आपटून मला सांगितलं, "ये लोहा ही दूसरी तार है. बिजली तार से जाती है और लोहे से वापस आती है. वापस आने का रास्ता नहीं, तो जाएगी भी नहीं."

येताना एस. टी.त मी ते वाक्य मनात घोळवत होते. परत यायला वाट नसेल तर निघायचंच नाही, हे विजेला कळतं आणि मुलींना सासरी पाठवणाऱ्यांना कळत नाही, असलं काहीतरी मला सुचलं आणि माझं मलाच हसू आलं. हे मात्र खिडकीबाहेर बघत होते. मागांचे कारखाने मागे पडेपर्यंत त्यांनी मान वळवली नाही.

घरी येऊन तारांची तोंडं घासली. जिथे काळं दिसलं, हिरवं बुरसटलेलं दिसलं, तिथे तिथे घासलं. काटा वजाच.

मग मानकोलीची ती मळणी आली. पहिलंच मोठं काम. खळं सपाट, उताराचं नावही नाही. दुपारी चाकांखाली मळायला पसरलेली भाताची पाथ उलटवायला ट्रॅक्टर थांबवला आणि इंजिन बंद पडलं. ओल्या पेंढ्यात माणसांनी ढकलून पाहिलं, चाकं जागची हलेनात. शेवटी खळ्याच्या मालकाने आपले बैल जुंपले आणि आमचा निळा ट्रॅक्टर रस्त्यावर ओढून काढला. कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. उरलेली मळणी त्याच बैलांनी केली. आबाही ह्यांच्या सोबत होते. ते बैलांच्या मागून चालत आले.

घरी हे हातपाय धुऊन ओट्यावर बसले आणि म्हणाले, "सोमवारपासून ड्युटीला जातो."

मी पाण्याचा तांब्या तसाच धरून उभी होते. वाईट वाटलं म्हणू की राग आला म्हणू? दोन्ही. एवढ्या मोठ्या लोखंडाला कुठली तरी चिमूटभर गोष्ट अडत होती आणि ती आम्हांला सापडत नव्हती, म्हणून माझा माणूस पुन्हा त्या धुळीत जाणार होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी आबा ट्रॅक्टरपाशी बसले होते. मी चहा घेऊन गेले. त्यांनी माझ्याकडे न बघताच विचारलं, "सूनबाय, तो भिवंडीचा मिस्त्री काय बोलला?"

मी सांगितलं. सामान चांगलं आहे, बसवण्यात खोट आहे. आणि वीज तारेतून जाते, लोखंडातून परत येते.

"लोखंडातनं?"

"हो. लोखंड लोखंडाला भिडलं पायजे, म्हणजे तिला वाट मिळते."

आबांनी कप खाली ठेवला. ट्रॅक्टरच्या निळ्या अंगावरून नख ओढलं. मग हळूच म्हणाले, "आणि मधी रंग आला तर?"

मला आधी कळलंच नाही.

"ती पेटी मी काढली होती गं," आबा म्हणाले. "बैलाला न्हाऊ घालताना जू न्हाय काढत? घाटी, येसण, समदं काढतो. तसंच ह्याचं जेवढं निघालं तेवढं काढलं. बॅटरीला घाबरलो, तिला न्हाय हात लावला. पन पेटीच्या खाली रंग मारला. तिची एक बारकी तार बॉडीला बोल्टानं बसवलेली, ती सोडली. तिच्याखाली तर दोन हात दिले. गंजलं होतं ना तिथं."

ती बारकी तार! आम्ही ती रोज बघत होतो. सगळ्या ट्रॅक्टरवर सगळ्यांत स्वच्छ, सगळ्यांत चकचकीत जागा तीच होती. म्हणून तर तिच्यावर कुणाचा संशय गेला नाही. घाण दिसेल तिथे आम्ही घासत सुटलो होतो. घरातली भांडणं मिटवतानाही माणसं हेच करतात, असं मला आता वाटतं. जो दिसायला वाईट त्यालाच सगळे बोल लावतात.

मी ह्यांना हाक मारायला धावले. परत येते तो आबा विळा घेऊन बसलेले. बोल्ट त्यांनीच सोडला होता. विळ्याच्या टोकाने ते आपलाच रंग खरवडत होते, निळे पापुद्रे त्यांच्या धोतरावर पडत होते, आणि खालून पांढरं लोखंड वर येत होतं. हे पुढे झाले तर म्हणाले, "थांब. मी लावलाय, मीच काढतो." पेटीही काढली, तिच्याखालची जागा खरवडली. तारेचं तोंड घासलं. सगळं परत आवळलं. घाई अजिबात नव्हती. मला त्यांची दया आली नाही. ज्याने बैलासाठी राखलेली सगळी माया एका यंत्राला लावली, त्याची दया कशी येईल? मला ते फार आवडले, एवढंच सांगता येईल.

माणसं आली, ढकललं, इंजिन धडधडलं. मी मडगार्डवर चढले. पदर पडला, पडू दिला.

"काटा बग!" हे ओरडले.

काटा थरथरला. मधे आला. मग उजवीकडे असा सरकला की मी आधी वाकून खात्री करून घेतली.

"अगं, काय दिसतं?"

"अधिक! अवो, अधिक हाय!"

आबा खाली उभे होते. त्यांना त्या काट्यातलं काही कळत नव्हतं. त्यांनी माझा चेहरा बघितला आणि टोपी काढून डोकं खाजवलं. संध्याकाळपर्यंत हे ट्रॅक्टर बंद करत होते आणि सेल्फ मारून पुन्हा सुरू करत होते, शेवटी आबाच ओरडले, "बास कर रे, आता काय त्याचा जीव घेतोस?" ह्यांनी बापाच्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं, "पुढच्या पाडव्याला बी तुमीच रंगवा. फक्त त्या बोल्टाला रंग लावू नका." पुढे कितीतरी पाडवे त्यांनी तो रंगवला, आणि त्या बोल्टाभोवती ते कपाळावर टिळा लावताना घ्यावी तशी काळजी घेत.

एकाच्या तोंडून दुसऱ्याकडे गोष्ट गेली. ढकलराव स्वतःच्या पायावर उभे राहिले म्हणून आधी गंमत बघायला आणि मग कामाला बोलवायला लोक आले. दापोड्याची मळणी लागली. पेंढ्याच्या खेपा सुरू झाल्या. मी फार मोठं काही झालं, असं म्हणत नाही. खोकलाही काही एका दिवसात गेला नाही, पुढच्या उन्हाळ्यापर्यंत रेंगाळला आणि मग कधी थांबला ते लक्षातही आलं नाही. चांगल्या गोष्टी बहुधा अशाच होतात, तारीख न ठेवता.

मार्गशीर्ष लागला त्या दिवशी दुपारी एक माणूस सायकलवरून दारात आला. कारखान्यातला होता, भुवयांवर ती पांढरी लव. जॉबरने निरोप दिला होता. आबा ओट्यावर बसलेले. परक्या पुरुषाशी सासऱ्यांसमोर बोलायची तेव्हा रीत नव्हती, मी दाराआडच उभी होते.

"काशिनाथ हाय का घरी? जागा ठेवलीय त्याची. येतोय का इचारलंय."

आबांनी मान वळवून दाराकडे, माझ्याकडे पाहिलं. म्हणजे, तू सांग.

मी उंबऱ्यावर आले.

"ते मळणीला गेलेत," मी म्हटलं. "संध्याकाळी घरी येतील."

"आणि उद्या?"

"उद्या पण," मी म्हटलं. "रोज संध्याकाळी घरी येतील."

लग्न झाल्यापासून हे वाक्य मी पहिल्यांदाच बोलत होते.